तोरणाखालचा ट्रॅक्टर

आमच्या गोठ्यात बैल नव्हते, ट्रॅक्टर होता, आणि तोही अकरा वर्षांपूर्वी वारलेला. त्याच्या टूलबॉक्समध्ये कोंबडी अंडी घालायची आणि सायलेन्सरमध्ये गांधीलमाश्या राहायच्या. एवढं सोडलं तर त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

चारठाण्याजवळच्या आमच्या गावात पोळ्याला मारुतीसमोरच्या तोरणाखालून पहिली जोडी आमची जायची. हा मान आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजोबांपासूनचा. मी जिंतूरच्या शाळेतून निवृत्त झालो, आधुनिक शेतीवरची चार पुस्तकं वाचली आणि बैल विकून टाकले. मान गेला चुलतभावाकडे, बाबारावकडे. मान वगैरे सगळं सरंजामी थोतांड आहे, हे मी आबांना सप्रमाण पटवून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या वर्षापासून पोळ्याला जेवायचं सोडलं.

असे दोन पोळे गेल्यावर मी पारावर जाऊन जाहीर केलं, "ट्रॅक्टर हासुद्धा बैलच. यंदा आमचा ट्रॅक्टर पहिला जाईल."

बाबारावनं तंबाखू मळून पूर्ण केली. मग म्हणाला, "आणा की, दादा. पण सोताच्या पायानं यायला पाहिजे. ढकलत आणलेला बैल आमी धरत न्हाई."

जिंतूरहून गफूरचाचा मिस्त्री आले. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. (घाम पुसायला, हे नंतर कळलं.)

"मास्तर, इंजन जाम हाय. पिस्टन गंजून आत चिटकलाय. डिझेल सोडा आन् बसा."

"किती दिवस?"

"त्याच्या मनावर हाय."

सतरा दिवस मी डिझेल सोडून बसलो. बसल्या बसल्या जो नट सैल करायला घेतला तो तुटला. पत्रा घासायला घेतला, तर काही ठिकाणी गंज हाच पत्रा असल्याचं लक्षात आलं. समोरच्या दिव्याच्या जागी भोक राहिलं. मंदा, माझी बायको, चहा घेऊन आली आणि भोकातून पलीकडचा उकिरडा बघत म्हणाली, "तुमी गंज काढायलाव का ट्रॅक्टर?"

अठराव्या दिवशी पिस्टन सुटला. इंजिन धडधडलं आणि अकरा वर्षांचा धूर दोरीवरच्या माझ्या तीन पांढऱ्या सदऱ्यांवर जाऊन बसला. पण आबा खाटेवरून काठीशिवाय उठले. जाताना गफूरचाचांनी रेडिएटरची जाळी थोपटली. "ह्याचं तोंड उघडं ठेवा, मास्तर. हवा लागती त्याला."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी झाली. बैलांच्या खांद्याला चोळतात तशी आबांनी पुढच्या चाकांच्या वर लोणी-हळद चोळली आणि दिव्याच्या भोकात तोंड घालून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या."

दुसऱ्या दिवशी माझ्यातला थाटामाटाचा टीकाकार कुठं गेला होता कोण जाणे. मी पेटीतली जुनी आरशांची झूल काढून बोनेटवर चढवली. ती पुढून पार खाली लोंबत होती.

"तोंड झाकलंय की त्याचं," मंदा म्हणाली.

"शोभा दिसते," मी म्हणालो.

आबा मडगार्डवर, मी सीटवर, मागं सगळ्या गावाची बैलं. तोरण वीस पावलांवर आलं आणि झुलीतून वाफ निघू लागली. इंजिन दोनदा खोकलं आणि दुसऱ्यांदा वारलं.

आबा झुलीकडं बघत राहिले. "पोळ्याच्या दिवशी बैलाचं तोंड बांधलंस व्हय रे?"

मी खाली उतरलो. "बाबाराव, तुझी जोडी लाव जरा पुढं."

"दादा, आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत. तुमी शिकलेले. तुमाला काय सांगायचं."

ढकलायची तर आधीच बंदी. मागून बैलं शिंगं हलवत होती. आबा सरकून सीटवर बसले, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि तोरणाकडं बघत राहिले. खाली उतरायचं लक्षण दिसेना. मी दोर पुढच्या दांड्याला बांधला आणि खांद्यावर घेतला. मारुतीकडं रस्ता जरा उतरता आहे, एवढीच देवाची कृपा. ती वीस पावलं मी कशी गेलो, हे गावानं फोनमध्ये टिपून ठेवलंय, त्यामुळं इथं लिहीत नाही.

तोरणापलीकडं मी खाली बसलो. बाबारावनं ट्रॅक्टर पाहिला, मग मला पाहिलं.

"ट्रॅक्टर काय सोताच्या पायानं आला न्हाई," तो गावाला म्हणाला. "पण त्याच्या म्होरं जे जुंपलं होतं, ते आलं. मान आबाचा."

घरी मंदा दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. ट्रॅक्टर तोरणापाशीच राहिला होता. तिनं रस्त्यावर दूरवर नजर टाकली आणि पुरणपोळी माझ्या तोंडात घातली. आबा त्या दिवशी चार पोळ्या जेवले.

यंदा खांदमळणीला आबा वाटीत लोणी-हळद घेऊन निघाले. गोठ्याकडं न वळता ते सरळ माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मी पुस्तक मिटलं आणि मुकाट्यानं सदरा काढला.