चार मार्कांचं दुखणं

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मग सांगतो. तीस वर्षं लातुरात गणित शिकवणारा माणूस दहाच्या आतल्या आकड्यांत कसा आपटला, त्याची ही हकिकत.

माझ्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीचं ऑपरेशन. पोटाला चार भोकं, बस्स! शुक्रवारी करू. शनिवारी हिंडायला लागलात तर रविवारी घरी." मला तेच हवं होतं. सोमवारी क्रॅश कोर्सची बॅच सुरू होत होती. दोनशे पोरं! लातुरात मास्तर एक दिवस गैरहजर राहिला की पोरं पुढच्या गल्लीतल्या क्लासात जाऊन बसतात.

शुक्रवारी दुपारी शुद्धीवर आलो. समोर किनवटकडची सिस्टर, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "सर, किती दुखून राहिलं? दहापैकी सांगा."

दहापैकी! अहो, हा प्रश्न मला विचारायचा? मी डोळे मिटले आणि पेपर तपासायला घेतला. पोटात पिळवटत होतं, पण ओरडावंसं वाटत नव्हतं, दोन कापले. कूस बदलता येत नव्हती, पण बोलता येत होतं. आणखी दोन गेले. उजवा खांदा तर असा ठणकत होता की विचारू नका! पण ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा? अभ्यासक्रमाबाहेरचं. त्याला मार्कच नाहीत. उरलेल्या सहातले दोन मी सवयीनेच कुणाला देत नाही.

"चार," मी म्हणालो.

सिस्टरने चार लिहिले आणि चारच्या मानाने एक गोळी दिली.

शेजारच्या कॉटवर औशाचे रहीमभाई टेलर. तेच ऑपरेशन, तोच दिवस. त्यांना विचारलं तर म्हणाले, "दहा लिही बेटी, पुरे दहा!" त्यांना इंजेक्शन मिळालं. शनिवारी सकाळी हा गृहस्थ वॉर्डात फेऱ्या मारतोय आणि मी पोटाशी उशी धरून खोकला दाबतोय.

"अहो, खरं सांगा ना त्यांना," बायको म्हणाली.

"खरंच सांगतोय. चार!"

दुपारीही चारच. उठवेना, श्वास पुरता घेववेना. डॉक्टर म्हणाले, "सर, चारच दुखतंय तर चालत का नाही?" म्हणजे वर मीच आळशी ठरलो!

संध्याकाळी सिस्टर परत कागद घेऊन आली. बायको कडाडली, "त्यान्ला काय विचारतीस? तीस वर्षांत माझ्या आमटीला सहाच्या वर गेले न्हाईत!"

सिस्टर स्टूल ओढून बसली. "सर, दहा म्हणायला काय अडून राहिलं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. भूकंप झाला तेव्हा मी नवा मास्तर होतो. दवाखान्यात पाणी वाटायला गेलो होतो. व्हरांड्यात खालीच निजवलेली माणसं, हातपाय मोडलेले, आणि कुणाचा आवाज नाही. दहा म्हणजे ते. या चार भोकांना दहा कसे देऊ? मला लाज वाटते.

सिस्टर म्हणाली, "सर, त्यांचा पेपर वेगळा, तुमचा वेगळा. त्यांचा बघून तुमचे मार्क कापायचे न्हाई. आन् खांदा दुखतो का?"

"तुला कसं कळलं?"

"ऑपरेशनला पोटात गॅस भरतात. उरलेला वर छातीच्या पडद्याला लागतो आन् दुखतो खांदा. लई जणांचा दुखतो. चाललं की जातो."

मी हरलो. डोळ्यांत पाणी आलं. "साडेनऊ," म्हणालो.

"अर्धा कशाचा कापला?"

"पुरे दिले की शेफारतं!"

इंजेक्शन लागलं. अर्ध्या तासाने मी बायकोचा हात धरून कॉरिडॉरमध्ये!

रविवारी सकाळी झकास. रहीमभाई पिशवी उचलून निघाले, मीही शर्ट चढवला. सिस्टरने विचारलं, "किती?"

"दोन!" आईशपथ, या वेळी अगदी खरं सांगितलं. एकही मार्क कापला नाही.

तिने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, कोपऱ्यात काहीतरी आकडेमोड केली. "सर, तुमचे चार म्हणजे साडेनऊ. मग तुमचे दोन म्हणजे?"

मी मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं. पावणेपाच!

"पावणेपाचवाल्याला घरी सोडत न्हाईत. डॉक्टरला सांगते, उद्यापण ठेवून घ्या म्हणून."

डॉक्टरांपुढे हात जोडले, शपथा घेतल्या. ते हसत निघून गेले. मग मी तिचा कागद मागून घेतला आणि ती आकडेमोड तीनदा तपासली. एक पायरी चुकली असेल तर शपथ! जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी पैकीच्या पैकी दिले, आणि सोमवारची बॅच कॉटवर पडून घालवली.