तिसऱ्या फेरीचा आकडा

कासाब्लांकाच्या दर्ब गल्लेफ बाजारात वस्तूबरोबर पावती मिळत नाही, दुकानदाराचा शब्द मिळतो. मक्कीचा शब्द त्याच्या दुकानाबाहेर टांगलेल्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेला असे.

समुद्रापलीकडच्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर तो विकत घेई, उघडून साफ करी आणि विकण्याआधी प्रत्येकाला तीनदा दमवी. धाकट्या बहिणीच्या लग्नाची एक चित्रफीत त्याच्याकडे होती. मध्ये उसंत न देता तीच फीत यंत्राकडून तीन वेळा नव्याने बनवून घ्यायची, आणि तिसऱ्या फेरीला किती मिनिटं लागली तेवढंच फळ्यावर मांडायचं, असा त्याचा शिरस्ता.

"पहिल्या फेरीत सगळेच तरणेबांड," तो म्हणे. "तापल्यावर कळतं कोण किती पाण्यात आहे."

शेजारच्या गाळ्यात चार्जर विकणारा हम्मादी म्हणे, "तुझ्या बहिणीला दोन मुलं झाली, मक्की. आता तरी तिला दिवसातून दहादा नवरी करू नकोस."

पण तिसऱ्या फेरीशिवाय मक्कीचं समाधान होत नसे. एकाच नावाचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्येही येतो आणि लॅपटॉपमध्येही. गिऱ्हाईक नाव वाचतं आणि दोन्ही सारखेच समजतं. डेस्कटॉपच्या पेटीत त्याच्या डोक्यावर मुठीएवढा पंखा असतो, वीज मागेल तितकी मिळते. लॅपटॉपमध्ये तोच बिचारा बोटभर जागेत कोंडलेला. अंग तापलं की जळू नये म्हणून आपणहून चाल मंद करतो. डेस्कटॉपला नऊ मिनिटं, लॅपटॉपला तेरा, असा हा फरक फळ्यावर दिसे. तीन वर्षांत त्या आकड्यांना कुणी नावं ठेवली नव्हती.

लग्नांची चित्रफीत काढणारी बतूल हिवाळ्यात आली होती तेव्हा तिनेही फळा नीट वाचला होता. "चार मिनिटांसाठी ती पेटी पाठीवर घेऊन गावोगाव कोण हिंडेल, उस्ताद?" असं म्हणून ती तेराचा लॅपटॉप घेऊन गेली.

जूनमध्ये एका गुरुवारी ती परत आली. लॅपटॉप तिने फळ्याखालीच ठेवला.

"उस्ताद, तुमचीच फीत यात राहिली होती, ती लावून पाहिली. तुमचे तेरा माझ्या घरी चोवीस होतात."

"त्याच्यावर काही सांडलं असेल, बाई," हम्मादी मध्येच म्हणाला.

"माझा घाम सांडलाय, हम्मादी. रविवारी नवरी ब्रसेल्सला निघतेय. फिल्म तिच्या हातात पडली नाही, तर पुढच्या मोसमात मला कोण बोलावणार?"

मक्कीने फीत लावली. तीन फेऱ्या झाल्या. तिसरीला बरोबर तेरा.

बाजाराच्या रीतीने इथे गोष्ट संपली होती. आपलं यंत्र ठीक आहे, म्हणायला तो मोकळा होता. हम्मादीने तशी मानही हलवली. पण मक्की फळ्याकडे बघत राहिला. बतूल खोटं बोलणारी नव्हती. दोन्ही आकडे खरे असतील, तर मग फळा नेमकं काय सांगत होता? त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तो तिच्यासोबत निघाला.

बतूलच्या घरी भिंतीलगत लोकर भरलेल्या मखमली बैठका होत्या. आईने चहा आणि गरम घडीच्या पोळ्या पुढे केल्या. बतूलने सवयीने लॅपटॉप उचलला आणि सर्वांत मऊ उशीवर, पाहुण्याला बसवावं तसा, अलगद ठेवला. तो मखमलीत रुतला. फीत सुरू करून थोडा वेळ गेल्यावर मक्कीने खाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. हवा आत घ्यायची भोकं कापडाने बुजली होती.

"रोज इथेच ठेवतेस?"

"मग काय जमिनीवर?"

मक्कीने खोलीतल्या एकुलत्या एका गोल मेजाकडे पाहिलं. आईने त्याची नजर ओळखली.

"त्याच्यावर भाकरी येते, बाबा. भाकरीच्या जागी यंत्र ठेवायचं का?"

मक्कीने चार रिकामे पेले मागून घेतले, जमिनीवर पालथे घातले आणि त्यांवर लॅपटॉप ठेवला. पुन्हा तीन फेऱ्या केल्या. तिसरी चौदा मिनिटांत संपली.

"म्हणजे चूक माझीच," बतूल म्हणाली.

मक्कीने मखमलीवरून हात फिरवला. अशाच बैठका त्याच्या घरी होत्या, हम्मादीच्या घरी होत्या. तो मोजत होता मात्र दुकानातल्या पत्र्याच्या उघड्या ओट्यावर, आणि त्याखालून गल्लीतला वारा सतत वाहणारा. लॅपटॉप त्याने कधी घरी नेलाच नव्हता.

"चूक मोजणाऱ्याची," तो म्हणाला. "मी माझ्या पत्र्यावर मोजलं. पत्र्याचा ओटा कुणाच्या घरी असतो, पोरी?"

त्याच संध्याकाळी नऊ मिनिटांवाली डेस्कटॉपची पेटी खांद्यावर घेऊन तो पुन्हा आला. शनिवारी दुपारी फिल्म नवरीच्या हाती गेली. "लॅपटॉप गावाला न्यायला असू दे, पेटी घरी राहू दे," बतूलच्या आईने ठरवून टाकलं, आणि पुढचा सौदा तिनेच घासाघीस करून केला.

सोमवारी मक्की घरची एक उशी काखेत मारून दुकानात आला.

"झोपायला?" हम्मादीने विचारलं.

मक्कीने फळ्यावरची लॅपटॉपची बाजू ओल्या फडक्याने पुसली. दिवसभर एकेक लॅपटॉप उशीवर ठेवून तो मिनिटं मांडत गेला. बावीस. चोवीस. एकाला सव्वीस. पलीकडे डेस्कटॉपचे नऊ नऊच राहिले.

"अशाने लॅपटॉप घेणार कोण?"

"ज्याच्या घरी रिकामं मेज आहे तो."

एका गिऱ्हाइकाने नवा फळा वाचला, भुवया उंचावल्या आणि ते पुढच्या दुकानात गेलं. मक्कीने हाक मारली नाही. हातावरचा खडू झटकून त्याने फोन घेतला. तीन वर्षांत जुन्या आकड्यांच्या भरवशावर लॅपटॉप नेलेल्यांची नावं त्याने आठवून आठवून एका कागदावर लिहिली होती. पहिला नंबर लागला.

"सलाम. दर्ब गल्लेफहून मक्की बोलतोय. नाही, विकायचं काही नाही. एवढंच सांगा, तो लॅपटॉप तुम्ही घरी कशावर ठेवता?"