मूळपेशीतला ळ

माझी बायको चेतना अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि मराठी शब्द असताना इंग्रजी वापरणाऱ्याची घरातसुद्धा गय करत नाही. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, पण तिच्यासमोर मी 'वह्या-लेखण्यांचं' म्हणतो. दर शनिवारी ती भवानी पेठेतल्या गरोदर बायकांना जमवून बाळाची वाढ कशी होते ते सांगते. सांगणाऱ्याला नीट कळलं असेल तर ऐकणाऱ्याला कळतंच, यावर तिचा ठाम विश्वास.

गेल्या सोमवारी सकाळीच, मूळच्या मंद्रूपच्या पण आता पेठेतच राहणाऱ्या बजाबाई दारात उभ्या राहिल्या. मागे त्यांची सून पिंकी, शनिवारी ऐकायला येणारी, पाचवा महिना, डोळे रडून सुजलेले.

"बाई, हिनं परवापासनं घास गिळला न्हाय. तुमीच सांगितलं म्हनं, पोटातलं मूल दुभंगतंय."

"मी मूलपेशी दुभंगते म्हटलं," चेतना म्हणाली.

"तेच की."

मी चहाच्या निमित्तानं आत सटकलो. बायकोचा शब्द चुकला असं म्हणायची माझी छाती नाही. पण तिनंच म्हटलं.

"चूक माझी. मूळपेशी म्हणायला हवं होतं. झाडाच्या मुळातला ळ. मूल दुभंगत नाही, पिंकी. त्याच्या मेंदूतली पेशी दुभंगते, आणि ती दुभंगायलाच हवी."

पिंकीला ते पटेना. ती टॉवेलच्या कारखान्यात काम करते, हे चेतनाला आठवलं.

"मागावर उभे धागे ताणलेले असतात ना? ही पेशी मेंदूत आतल्या बाजूला बसते आणि तसाच एक धागा बाहेरपर्यंत ताणते. मग एकीच्या दोन होतात. एक जागीच राहते, दुसरी मेंदूचं काम करणारी चेतापेशी होते आणि तो धागा धरून वर चढते. मागून आलेली पुढचीला ओलांडून तिच्याही वर जाऊन बसते. असे थर चढत जातात. हे थांबलं तर काळजी करायची."

पिंकीनं पोटावर हात ठेवला. "आन् खाली ऱ्हायलेलीचं काय हुतं?"

"चेतापेशी तयार करून झाल्या की बऱ्याचजणी रूप पालटतात. मग त्या चेतापेशींची देखभाल करतात."

"म्हंजे सासूच की," पिंकी म्हणाली, आणि खुदकन हसली.

बजाबाईंनी पिशवीतला डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"व्हय, सासूच," त्या म्हणाल्या. "खा आता."

पिंकीनं भाकरी मोडली.