मोबाइल कंपनी आणि आमचे मामेसासरे

आमच्या भागात मोबाइल कंपनीला पाय रोवायला जो उशीर झाला, त्याचं खापर लोक अजून डोंगरांवर फोडतात. डोंगर बिचारे निर्दोष आहेत. कंपनीला खरा अडसर होता तो माझ्या मामेसासऱ्यांचा. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा साखरशेतहून जव्हारमार्गे मोखाड्यापर्यंत जीप चालवतात, असं जगाला वाटायचं. त्यांच्या स्वतःच्या मते ते निरोप पोचवायचे, आणि वाटेत कुणी बसलंच तर बसू द्यायचे. टपावर कोंबड्यांच्या पाट्या, आत एकमेकांच्या मांडीवर माणसं आणि मामांच्या डोक्यात चाळीसेक निरोप, अशी ती गाडी घाट चढायची. कधीमधी एखादी कोंबडी हरवली असेल, निरोप एकही हरवला नाही.

मामा नुसते शब्द पोचवत नसत, बोलणाऱ्याचं सगळं रूप पोचवत. साखरशेतच्या एखाद्या म्हातारीने मोखाड्यात दिलेल्या लेकीला सणाला बोलावलं असेल, तर मामा लेकीच्या दारात आधी म्हातारीसारखे वाकून उभे राहात आणि मग म्हणत, "ये म्हनली. पन म्हनताना उंबऱ्यात बसली व्हती, गुडघा धरून. आता तूच काय ते समज." लेक त्याच जीपने निघायची. उत्तर घेतल्याशिवाय मामांच्या गाडीचा गिअर पडत नसे. एकदा एका शेतकऱ्याला त्याच्या भावाने विचारलं होतं, बैल विकायचा का? तो गडी बांधावर उकिडवा बसून विचार करू लागला आणि भरलेली जीप रस्त्यात उभी राहिली. त्यात शाळेवर निघालेला मीही होतो. मी कुरकुर केली, तेव्हा मामा म्हणाले, "गुरुजी, बैल हाय तो. घाई कशाला?" शेवटी सगळे उतारू खाली उतरले, बैल पाहून आले, विकू नये असं एकमताने ठरलं, आणि मगच गाडी हलली. मी शाळेत पोचलो तेव्हा मुलं मधल्या सुट्टीत खेळत होती.

अशा मुलखात कंपनीने मोखाड्याच्या बाजारात टेबल मांडलं. वर रंगीत छत्री आणि खाली टाय बांधलेला, घामाने निथळणारा ठाण्याचा एक तरुण. "काका, घरबसल्या कुणाशीही बोला!" असं म्हणून त्याने मामांच्या हातात फोन ठेवला. मामांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"समोरचा जेवला का उपाशी, कळतं का यात?"

"नाही काका, आवाज येतो."

"समज, बोलला रागानं, पन डोळ्यात पानी व्हतं. तर?"

"आवाज एकदम स्वच्छ येतो, काका."

"मंग कमीच की वो आमच्यापेक्षा," मामा म्हणाले, आणि सगळा बाजार हसला. मामांना मात्र त्या तरुणाची दया आली. त्यांनी त्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि दुसरी बरी नोकरी बघ, असा सल्ला दिला.

कंपनीने मग फलक मोठा केला, भाव उतरवला, टोप्या वाटल्या. टोप्या आमच्या लोकांनी आनंदाने घेतल्या. त्या वर्षी नाचणीच्या शेतातली बुजगावणीसुद्धा कंपनीची जाहिरात करत उभी होती. वरच्या साहेबांची समजूत अशी झाली असावी की, या लोकांना काही कळत नाही. त्यांना काय काय कळतं, हे विचारायला मात्र कुणी आलं नाही.

मी पडलो शिकलेला, त्यामुळे मी फसलो. मोखाड्याला नोकरी लागल्यावर मी तिथेच घर बांधायला घेतलं, आणि बाबांचं बिनसलं. साखरशेतला गावातलं घर असताना दुसरं कशाला, हा त्यांचा प्रश्न. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं, जे काय होतं ते मामांच्या जीपमधून. पण निरोप कसे छान यायचे! "नाचणी बरी झाली, सूनबाईला पाठवतो." "पाया नीट भरून घे." मला वाटलं, म्हातारा विरघळला. घर पुरं झालं तसे मी दोन फोन घेतले, एक मामांच्या हाती बाबांना पाठवला. साखरशेतला रेंज फक्त गावामागच्या टेकाडावर यायची. ठरल्या वेळी बाबा तिथे धापा टाकत चढले आणि मी म्हणालो, "बाबा, रविवारी वास्तुशांत आहे, या."

"माजं घर हितं हाय. तुज्या घराशी माजा संबंध काय?"

फोन बंद. आवाज अगदी स्वच्छ आला होता.

मी तडक जीपच्या थांब्यावर गेलो. "मामा, बाबा दोन वर्षं असंच बोलत होते?"

मामा बराच वेळ आरसा पुसत राहिले. "बोलायचे ते मी ऐकून घ्यायचो, गुरुजी. जे बोलायचं ऱ्हायचं, ते तुमाला सांगायचो."

"आणि माझे निरोप?"

"तुमी तर तेंच्यापरीस वाईट बोलता. शिकलेल्या मानसानं आसं बोलू नाय."

रविवारी पूजा मांडली. भटजी तयार होते, बायको पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाहात होती, आणि मी कुणाची वाट पाहात नसल्यासारखा घरात येरझारा घालत होतो. बाबा आले नाहीत तर हे घर मला जन्मभर टोचणार, हे मला त्या सकाळी कळलं. इतक्यात जीप वाजली. पुढच्या सीटवर, एरवी जिथे चारजण कोंबलेले असत तिथे, बाबा एकटे बसले होते. धोतर धुतलेलं, मांडीवर नाचणीची पिशवी. ते उतरले, घराकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि माझ्यावरच डाफरले, "हे फोनवर बोलायला काय झालं व्हतं तुला? बाबानं पाय ठेवल्याबिगर मी घरात ऱ्हायला जानार नाय, आसं मामाजवळ बोलतो, मला का नाय बोललास?"

मी मामांकडे पाहिलं. ते खाली बसून जीपचं चाक मोठ्या काळजीने तपासत होते.

"चुकलं, बाबा," मी म्हणालो. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या आधाराने ते उंबरा चढले.

पुढे टॉवर वाढले, घरोघर फोन झाले, कंपनी एकदाची जिंकली. आता बाबा नाहीत आणि मामाही नाहीत. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला माझं ते वाक्य शेवटपर्यंत कौतुकाने ऐकवायचे, आणि मी मान खाली घालून ऐकायचो. ते मी खरंच बोललो असतो तर किती बरं झालं असतं.