काठावरचा चहा

पंकजाला सासऱ्याच्या मोटरबोटीची चावी हवी होती. धरणानं अडवलेल्या भीमेच्या फुगवट्यावर, कर्जतच्या बाजूला, सहादेवअण्णा माणसांना पलीकडच्या काठाला पोचवतात. परवा ते सुनेला म्हणाले, "एकटीनं बोट धक्क्याला लाव. मग चावी तुझी."

धक्क्याला लागलेल्या दोन बोटींमध्ये जेमतेम एका बोटीची जागा होती. अण्णांनी त्यातल्या एका बोटीच्या काठावर भरलेला चहाचा कप ठेवला. "ह्यो सांडला, तर चावी माझ्याच खिशात."

मी उतारू म्हणून पंकजाच्या बोटीत बसलो होतो. आयुष्यभर नाटकं केली, पण इतका अवघड प्रवेश पाहिला नव्हता. आडवा वारा आम्हाला थेट त्या कपाकडे ढकलत होता. पंकजानं उलटा गिअर टाकून बोट मागं घेतली.

"भ्याली जनू," धक्क्यावरून तिची सासू केशरबाई म्हणाली.

"न्हाई आत्याबाई, वाऱ्यालाबी कामाला लावते."

ती वारा येत होता त्या बाजूला सरकली, बोटीचं नाक वाऱ्याकडं तिरकं धरलं आणि इंजिनाला जरा जरा रेटा देत आत शिरली. उरलेल्या अंतरात वाऱ्यानंच बोट सरकवली. धक्का झेलायला आमच्या बोटीच्या कडेला बांधलेला टायर कपाच्या बोटीला अलगद टेकला. चहा हलला, पण सांडला नाही.

रंगमंचावर दणक्यात येणाऱ्याला टाळी मिळते. इथं मी हळू येणारीला दिली, मनापासून.

पंकजानं कप उचलला आणि उभ्यानंच चहा पिऊन टाकला.

"माझा हुता त्यो," अण्णा म्हणाले.

"चावीबी तुमचीच हुती, मामा," ती म्हणाली आणि इंजिनाची चावी काढून पदराला बांधली.