मास्तरांचं भांडखोर स्टीअरिंग

आमच्या समोरच्या मास्तरांना हात थरथरण्याचा आजार जडलाय, ही बातमी मी पसरवली असं कोणी म्हणेल, तर ते साफ खोटं आहे. मी फक्त तिघांना सांगितलं. बाकीचं त्या तिघांनी केलं.

आणि मी तरी मनचं थोडंच सांगितलं? रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास मास्तर खिडकीशी बसलेले, हात कोपरापर्यंत थडथडतायत, चष्मा नाकावरून घसरतोय, हे मी बाल्कनीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मांडीपुढच्या टेबलावर काय आहे ते मात्र कुंडीच्या आड होतं. न राहवून पाना मागायच्या निमित्तानं आत गेलो, तेव्हा कळलं. थरथरत मास्तर नव्हते, स्टीअरिंग थरथरत होतं. पण तोवर माझ्या तिघांचे तीस झाले होते.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. सव्वीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर. त्या बाजूला पायाशी क्लच असतो, ब्रेक असतो, ॲक्सिलरेटर नसतो. अर्धं शहर त्यांच्याकडे शिकून गाड्या उडवतंय. हे घरी येतात चालत.

लेकीचं कपाट आवरताना तिच्या शाळेच्या वेळचा, कॉम्प्युटरवरचा शर्यतीचा खेळ सापडला. तेव्हा बापलेक तो बाणांच्या कळा दाबून खेळायचे. "कळा दाबून गाडी वळवायची? माझ्या धंद्याचा अपमान आहे," असं म्हणून मास्तरांनी मोटर बसवलेलं स्टीअरिंग आणलं. खड्डा आला की ते थडथडतं, वळणावर हाताशी झटतं. पण खेळ वीस वर्षांपूर्वीचा आणि स्टीअरिंग यंदाचं, दोघांची ओळखच पटेना. शेवटी परगावच्या लेकीनं फोनवर सांगितलं तशी दोन बटणं एकदम दाबून धरली, तेव्हा स्टीअरिंगनं जुन्या मॉडेलचं सोंग घेतलं आणि खेळानं त्याला घरात घेतलं.

मग पेडलचं त्रांगडं. त्या जुन्या खेळाच्या लेखी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणजे एकाच दांडीची दोन टोकं. दोन्ही दाबले की गोळाबेरीज शून्य. आणि मास्तरांचा एक पाय सवयीनं कायम ब्रेकवर! तीन दिवस गाडी सुरुवातीच्या रेषेवर नुसती गुरगुरत उभी. वहिनी म्हणाल्या, "अहो, निदान मागच्यांना वाट तरी द्या." अखेर तो पाय खुर्चीच्या पायाला नाडीनं बांधला, तेव्हा गाडी हलली. तेव्हापासून ती थरथर.

इकडे बातमी स्कूलपर्यंत पोचली. पाच जणांनी दुसरा मास्तर मागितला. मालकांनी यांना गाडीवरून उतरवलं आणि फॉर्म भरायच्या टेबलाशी बसवलं. "हातांची खात्री पटेपर्यंत गाडी नाही." मास्तर घरच्या स्टीअरिंगचं सांगून थकले, ते कोणाला पटेना. माझी तर दुपारची झोप उडाली. तेव्हा मीच तोंड घेऊन मालकांकडे गेलो आणि त्यांना मास्तरांच्या घरी घेऊन आलो.

मालक खुर्चीत बसले. "खेळणंच ना हे?" पहिल्याच वळणावर स्टीअरिंगनं असा हिसका दिला की मनगट मुरगळलं आणि गाडी भिंतीत. दुसऱ्यांदा भिंतीत. तिसऱ्यांदाही तिथेच.

"अहो, हे बिघडलंय!"

"बिघडलंय कुठे? शिकाऊ माणूस असाच ओढतो," मास्तर म्हणाले. "जरा डावीकडे घे म्हटलं की डावीकडेच पळत सुटतो. तुम्ही फक्त ॲक्सिलरेटर दाबा."

मास्तर शेजारी स्टूल ओढून बसले. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातानं बाजूनंच स्टीअरिंग धरलं. पुरी फेरी झाली. गाडी रस्त्याच्या मधोमध, चहाचा थेंब बशीत नाही. मालक कपाकडेच बघत राहिले.

वहिनींनी लेकीला फोन लावून तो मोठ्यानं ऐकू येईल असा टेबलावर ठेवला होता. ती म्हणाली, "बाबा, वळवल्यावर स्टीअरिंग परत मधे यायला बघतं, की आणखी बाहेर पळतं?"

"बाहेर पळतं की."

"आणि असं किती दिवस खेळताय?"

"झाले असतील पंधरा."

"कमाल आहे तुमची! मोटरचा जोर उलटा लागलाय, बाबा. जुन्या खेळांत होतं असं. सेटिंगमधली एक खूण काढून टाकायची असते. असलं स्टीअरिंग कोणाला मिनिटभर धरवत नाही!"

मालक मनगट चोळत उठले. "मास्तर, उद्या सकाळची सातची बॅच तुमची. ते पाचही जण तुमच्याच गाडीत."

खूण काढली. स्टीअरिंग एकदम गरीब झालं, वळवलं की आपणहून मधे येऊन बसू लागलं. मास्तर त्याच्याकडे असे बघत होते, जणू वर्गातलं द्वाड पोर अचानक नमस्कार करायला लागलंय. मला कुठे गप्प बसवतंय?

"मास्तर, नोकरी वाचली, आता हे विकून टाका. नाहीतरी शर्यतीत तुमचा नंबर शेवटूनच पहिला."

मास्तर खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या थांबवल्या. आता एक स्वतः चालवून बघू द्या की."