दोन आणि सात

पोकर मी मोबाईलवर शिकलो, तेही बसमध्ये. इथे आखातात आमच्या कामगार-कॅम्पपासून रुसैलच्या गोदामापर्यंत पाऊण तास लागतो. मी गोदामात स्टोअरकीपर. एक कमी-जास्त झालं की मला चैन पडत नाही, आणि खेळातही मी तसाच. खोलीतल्या तिघांना हरवायचंच, असं ठरवून मी रोज जाता-येता व्हिडिओ पाहायचो.

तिघे म्हणजे मालवणकडचे इलेक्ट्रिशियन काका, रत्नागिरीचे क्रेन चालवणारे भाई आणि साताऱ्याचा एसी मेकॅनिक. हा खेळ भाईंनी साइटवरच्या फिलिपिनो लोकांकडून उचलला होता. हातात दोन पानं, मधे पाच उघडी, आणि आपल्याकडे भारी आहे असं वाटलं तर लावायचं, नाहीतर पानं टाकायची. पैसे लावायची सोय नाही, कॅम्पबॉस त्याच दिवशी बॅग भरायला लावील. म्हणून आम्ही खजुराच्या बिया धुऊन, वाळवून डब्यात ठेवल्या होत्या. प्रत्येकाला पंचवीस, आणि दर डावाला एक बी सगळ्यांनी मधे टाकायची.

शुक्रवारी संध्याकाळी मेस बंद. भाई दुपारी जुम्म्याच्या नमाजाहून परत आले की आम्ही बसायचो. ज्याच्या बिया आधी संपतील त्याने स्वयंपाक करायचा, दुसऱ्याने हाताखाली राहायचं, तिसऱ्याने भांडी घासायची. शेवटी उरेल त्याला सुट्टी. वर एक नियम मी घालून दिला: जिंकलेल्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मला कांदा चिरायचा मनापासून कंटाळा, आणि कुणी ‘जरा हे बघ रे’ म्हणून हाक मारू नये, एवढाच माझा हेतू होता.

व्हिडिओतल्या युक्त्या अगदी साध्या होत्या. दहातले आठ डाव खेळूच नका. आपल्याआधी बाकीचे काय करतात ते पाहता येईल, तेव्हाच हात सैल सोडा. जो कधीच पानं टाकत नाही, त्याला थाप मारू नका. रागात असाल तर लांब राहा. काकांना गप्प बसून खेळणं जमायचं नाही. प्रत्येक डावात ‘बघूया तरी’ म्हणत उतरायचे आणि मासळीबाजारात पैसे उडवावेत तशा बिया उडवायचे. मेकॅनिक एकदा हरला की चिडून पुढचे तीन डाव हरायचा. मी नुसता पानं टाकत बसायचो. ते एकमेकांना संपवायचे, मी उरायचो. लागोपाठ अकरा शुक्रवार जिंकलो. मला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं.

मग एका शुक्रवारी बायकोचा व्हिडिओ कॉल आला. मागून खळखळून हसण्याचा आवाज गेला असावा.

“काय चाललंय तिकडे?”

“स्वयंपाक करतायत. काकांच्या मिसेस फोनवर आहेत. मेकॅनिकची आईपण आहे बहुतेक, भाईंच्या घरचेही. सुरमईच्या कालवणात त्रिफळं घालायची की नाही, यावर भांडतायत.”

“आणि तुम्ही?”

“मी जिंकलोय.”

मुलीला दे म्हटलं, तर ती क्लासला गेली होती. फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसून राहिलो. भिंतीपलीकडे ओट्यावर फोन टेकवून तीन घरं एकत्र बोलत होती. माझं घर त्यात नव्हतं, कारण मी नव्हतो. आठवडाभर आम्ही चौघे थकून भिंतीकडे तोंड करून झोपतो. जे काही बोलणं व्हायचं ते स्वयंपाकाच्या त्या दोन तासांत, आणि ते मी स्वतः जिंकून घालवलं होतं. मला एकटं वाटत होतं. दुसरा शब्द नाही.

त्या दिवशी मी उठून आत गेलोही. लसणाची गड्डी हातात घेतली. काकांनी ती काढून घेतली.

“जिंकलेल्यान हात लावूचो नाय. नियम तूच केललंस.”

सगळे हसले, मीही हसलो आणि बाहेर आलो. मला आत येऊ द्या, असं चाळिशी उलटलेल्या माणसाने म्हणायचं कसं? त्यापेक्षा हरणं सोपं, असं मला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांत आधी संपायचं ठरवून बसलो. पहिल्याच डावात पानं न बघता सगळ्या बिया मधे ढकलल्या. तिघांनी पानं टाकली. पुन्हा ढकलल्या, पुन्हा तेच. काकासुद्धा ‘बघूया तरी’ म्हणेनात.

“ह्यो माणूस पानं असल्याबिगर लावत न्हाई,” मेकॅनिक म्हणाला.

तीन महिने मी हेच त्यांना शिकवलं होतं. मी उतरलो की ते माघार घेत, आणि मधल्या बिया माझ्याकडे येत. गप्प बसावं, तर ते आपसात लढून संपत. असे काका संपले, मग मेकॅनिक. उरलो मी आणि भाई. माझ्या हातात दुर्री आणि सत्ती, त्याही वेगवेगळ्या रंगाच्या. याहून वाईट पानं येतच नाहीत. मी सगळ्या बिया पुढे सरकवल्या आणि मनात म्हटलं, भाई, एकदा तरी बघा.

बाहेर असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान सुरू झाली. भाईंनी पानं टाकली.

“खलास. इसके पास पक्का कुछ है. माझ्या उरलेल्या चार बियांसाठी कोण भांडणार? जिंकलास तू.”

समोरच्याने माघार घेतल्यावर आपली पानं कधीही दाखवायची नसतात. मी दाखवली. दुर्री आणि सत्ती चटईवर उताणी ठेवली.

तिघांनी वाकून पाहिलं. मग मेकॅनिकने मांडीवर थाप मारली. “आयला! काय न्हवतं, तरी पळवलं आपल्याला!”

“उस्ताद है,” भाई टोपी घालत म्हणाले.

“मला हरायचं होतं,” मी म्हणालो.

यावर तर ते फारच हसले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाई नमाजला गेले, मेकॅनिक तांदूळ निवडायला बसला, आणि काका आत जाता जाता म्हणाले, “तू पड जरा. चाय आणून देतंय.”

चहा आला. ते आत स्टीलच्या पेल्यातून पीत होते. माझा कपातून आला, खाली बशी ठेवून.